पूजेबाहेरचा पाना

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी, चिंबळीच्या पुढे, मिस्त्रींनी डॉक्टरांच्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं. त्यानंतर मिस्त्रींना दिसलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याविषयी बोलायला लागलो की मी इतर गोष्टींत रमतो आणि त्या दुपारपाशी पोचायचं टाळतो. मिस्त्री गेले त्याला अजून वर्ष झालेलं नाही, आणि त्यांना ओळखणाऱ्या माणसांच्या बोलण्यात आताच ती एक दुपार तेवढी उरली आहे. त्या दुपारच्या आधीचा माणूसही कुठेतरी राहावा, म्हणून लिहायला बसलो.

"गरम पाण्याला तोंड दावू नये." मिस्त्रींचं हे वाक्य भोसरीत सगळ्यांना पाठ होतं. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. चाकणच्या बाजारातून कांदा भरून निघालेले ट्रक, उतारूंच्या सर्व्हिस मोटारी, पुण्याच्या टॅक्सी, जे काही तापायचं ते त्यांच्या शेडपुढे येऊन थांबायचं. पुढून वाफ निघत असायची. ड्रायव्हर उडी मारून बॉनेटकडे धावायचा, आणि मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या राव. गरम पाण्याला तोंड दावू नये."

मग ते बिडी पेटवायचे. रस्त्याच्या कडेला एक सपाट दगड होता, त्यावर बसून ती सावकाश ओढायचे. बिडी संपली की उठायचे, पालथा हात बॉनेटजवळ न्यायचे, कान लावायचे आणि परत दगडावर येऊन बसायचे. "अजून बोलतीया," म्हणायचे. आतलं पाणी बोलायचं थांबल्यावरच त्यांचं काम सुरू व्हायचं. झाकणावर ओलं पोतं टाकायचे आणि मान पार डाव्या खांद्यामागे वळवायचे, मागून कुणीतरी हाक मारल्यासारखी. झाकण जरासं फिरवायचं, थांबायचं, आतला सुस्कारा ऐकायचा, मग पुन्हा जरासं. तुम्ही अशी कामं करणारी माणसं पाहिली असतील. सवय झाली की त्यांची मान वळायची थांबते. मिस्त्रींची मान शेवटपर्यंत वळत होती. शेवटची एक वेळ सोडून.

एकदा पुण्याचे कुणी शेठ नाशिकला लग्नाला निघाले होते. रेशमी कोट, अत्तर, मागच्या सीटवर अहेराच्या पेट्या. गाडी तापून शेडपुढे उभी राहिली आणि मिस्त्री दगडावर बसून राहिले. शेठ येरझाऱ्या घालत होते.

"अहो, मुहूर्त टळेल माझा," ते म्हणाले.

"मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढंल, शेठ. डोळं गेलं तर दुसरं कोन काढंल?"

"पण किती वेळ?"

"इंजनाचा राग उतरंस्तवर. तवर मानसानं आपला चढवू नये."

शेठ शेवटी दगडावर टेकले. कपाला दांडी नव्हती, त्यातून त्यांनी चहाही घेतला. परतीच्या वाटेवर ते मुद्दाम थांबले आणि मिस्त्रींना लग्नातले लाडू देऊन गेले. तो प्रसंग मिस्त्री पुढे हसत सांगायचे. डोळ्यांचं वाक्य मात्र सांगताना गाळायचे. ते त्यांना आठवत नसावं. मला आठवतं.

मूळचे ते सातारकडचे. पहिल्या मोठ्या लढाईच्या काळात लष्करी डेपोत कामाला लागले आणि लढाई संपल्यावर इकडेच राहिले. डाव्या मनगटावर त्यांना भाजल्याचा एक गुळगुळीत पट्टा होता. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "हे माझं न्हाई, गुरुजी. माझ्या सोबत्याचं. त्यानं झाकन काढलं, मी नुसता शेजारी हुतो."

"आणि सोबती?"

"गावाकडनं त्याची बायको आली बघाया. खाटंपाशी उभी ऱ्हायली, आन मला इचारती, आमचं मानूस कुठं हाय." बिडी विझली होती, ती तशीच बोटांत होती.

मी भोसरीच्या शाळेत बदलून आलो तेव्हा शेडला लागूनची खोली मला मिळाली. मध्ये भिंत म्हणून पत्राच. सुट्टीच्या दिवशी मी वाचत पडलेला असायचो आणि पलीकडून आवाज यायचा, "गुरुजी, वाचताय का? ठोकू का?" मी "ठोका" म्हणेपर्यंत हातोडा थांबलेला असायचा. एखाद्या पानाशी मी फार अडून बसलो आणि उत्तर द्यायचं राहिलं, तर तेवढा वेळ पलीकडचा ट्रकही अडून बसायचा. एवढ्या अदबीने माझ्या वाचनाशी कुणी वागलेलं नाही. घरचेसुद्धा.

माझ्याकडून त्यांना एकच वस्तू लागायची, खडूचे तुकडे. रेडिएटरपासून इंजिनापर्यंत जाडजूड रबरी नळी जाते, तिला ते होजपाइप म्हणत. पाणी गळतं ते बहुधा तिच्या जोडापाशी. मिस्त्री तो जोड कोरडा पुसायचे, खडूची पूड करून सगळीकडे चोळायचे आणि इंजिन चालू करायचे. पांढऱ्या पुडीवर ओलीची रेघ उठली की बोटाने ती उलट्या दिशेने वर वर शोधत जायचे. "पानी दिसतं तिथं गळत नसतं," असं म्हणायचे. मूळ सापडलं की होजपाइपचं कडक झालेलं टोक कापायचं, पितळी नळीवरचा क्षार खरवडायचा, टोक पुन्हा चढवायचं आणि वरून लोखंडी क्लिप आवळायची. आवळताना शेवटचा आटा ते डोळे मिटून द्यायचे. मी हसलो की म्हणायचे, "हे हाताचं काम हाय. डोळं मधी लुडबुडत्यात."

त्यांचं माणूस म्हणायला एक मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेली होती. ती शेडमध्येच वाढली, पान्यांचे नंबर तिला मुळाक्षरांच्या आधी आले. लग्न होऊन ती चाकणच्या पलीकडे, भामा नदीकाठच्या एका गावी गेली. जावई शेतकरी, घर चांगलं. ती गेल्यावर मिस्त्री मला आधीपेक्षा जास्त वेळा विचारायला लागले, "वाचताय का?" ठोकायचं काही नसलं तरी.

तिला दिवस गेले तेव्हा मिस्त्रींनी शेडचा एक कोपरा गोणपाटाने आडोसा करून घेतला. तेलाच्या पिंपाचा तळ कापून शेकायला शेगडी बनवली, तिला कड्या लावल्या, कानशीने कडा गुळगुळीत केल्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मुलीची सासू पाहायला आली. तिने शेगडी पाहिली, आडोसा पाहिला, वर टांगलेल्या साखळ्या पाहिल्या.

"मिस्त्री," ती म्हणाली, "पोरगी बाळंत व्हायचीय का तिचं इंजन उतरवायचंय?"

मिस्त्रींना हसावं लागलं. घरात बाईमाणूस नाही, हे सासूचं म्हणणं खरंच होतं. मुलगी सासरीच राहिली. शेगडी सासूबाई बैलगाडीत घालून घेऊन गेल्या. "ही मातर झ्याक केलीया," म्हणाल्या.

आता डॉक्टर. त्यांचा दवाखाना भोसरीतच होता, पण आजारी माणसं भोवतालच्या सगळ्या गावांत. त्यांच्याकडे एक जुनी काळी गाडी होती. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीपासून तिच्या खालच्या होजपाइपाचा जोड गळायला लागला. मिस्त्रींनी टोक कापून बसवलं, गळती थांबली, काही दिवसांनी परत आली. क्लिप बदलली, तरी परत आली. तिसऱ्या वेळी मिस्त्री गाडीखालून बाहेर आले ते बराच वेळ हात पुसत राहिले.

"डॉक्टर, हे क्लिपचं काम न्हाई. रेडिएटरच्या नळीचा ओठ खाल्लाय खारानं. मी जितकं आवळीन तितका त्यो आत मोडंल. रेडिएटर उतरवून कथलाचा डाग द्यावा लागंल. एक दिवस गाडी माझ्याकडं सोडा."

"एक दिवस कुठला सोडू, मिस्त्री? माणसांना आजारी पडायला सुट्टी नसते."

"मग पानी भरून डबा संगं ठिवा," मिस्त्री म्हणाले, "आन माझं ध्यानात ठिवा. गरम पाण्याला..."

"तोंड दावू नये," डॉक्टरांनी पुरं केलं.

खंडेनवमीला सकाळी डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले.

शेडमध्ये तोपर्यंत पूजा मांडून झाली होती. मिस्त्री आदल्या दिवशीच सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन पुसायचे. फळीवर धुतलेलं गोणपाट अंथरलेलं, त्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, मग पक्कड, हातोडे, कानशी, डाग द्यायची बत्ती. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडू. कडेला माझं शाईचं पेन आणि शब्दकोश. दर वर्षी ते मला आठवणीने सांगायचे, "गुरुजी, तुमचं हत्यार आना." एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याला उठवेपर्यंत कुणी शिवायचं नाही. मीही त्या दिवशी एक ओळ लिहीत नसे.

"घ्या तुमचा दिवस," डॉक्टर गाडीतून उतरत म्हणाले. "सणामुळे आज दवाखान्यात कुणी फिरकणार नाही. संध्याकाळपर्यंत गाडी तुमची."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "आज न्हाई हो डॉक्टर. आज हत्यारं बसल्यात."

"अहो, इतके दिवस तुम्हीच मागे लागला होता."

"व्हय. पर आज न्हाई. उद्या सोनं वाटून झालं की पैला हात तुमच्या गाडीला."

डॉक्टरांनी फळीकडे पाहिलं. "म्हणजे उद्यापासून मीही पेशंटला सांगतो, आज माझी कानातली नळी पूजेत आहे."

"तुमची बी आना की. गुरुजींचं पेन सरकवून जागा करतो."

तिघेही हसलो. डॉक्टरांनी किल्ली मिस्त्रींच्या हातात ठेवली आणि ते चालत घरी गेले. मिस्त्रींनी गाडी सावलीत ढकलून घेतली आणि गळत्या जोडाखाली एक रिकामा डबा ठेवला. मी खोलीत येऊन आडवा झालो. पत्र्यापलीकडून डब्यात पडणाऱ्या थेंबाचा आवाज येत होता. जेवताना, जेवणानंतर, सगळा वेळ येत होता. त्या दिवशी शेडमध्ये दुसरा कसलाच आवाज नव्हता.

दुपारी एक कांद्याचा ट्रक शेडपुढे थांबला आणि त्यातून मुलीचा दीर उतरला. चपला हातात होत्या. पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही.

"मिस्त्री, वैनी अडल्यात. कालच्या सांजंपासनं. सुईन म्हंती आता तिच्या हातचं न्हाई. डॉक्टरला घिऊन चला."

मिस्त्री उठून उभे राहिले आणि गाडीकडे पाहायला लागले. डब्यात थेंब पडला. मी डॉक्टरांना बोलवायला धावलो.

ती नजर मला अजून दिसते. सकाळपासून दुपारपर्यंतचा सगळा वेळ त्या डब्यात साठलेला त्यांना दिसत असावा. सकाळी रेडिएटर उतरवला असता तर एव्हाना डाग देऊन, गार होऊन, तो जागेवर बसला असता. आता उतरवायला वेळ नव्हता. ट्रक पुण्याकडे निघून गेला होता. सर्व्हिस मोटार चाकणपर्यंतच जायची, आणि तीही केव्हाच गेली होती. भामेकाठी डॉक्टरांना पोचवील अशी चार चाकं आसपास एकच होती.

मी डॉक्टरांना घेऊन परत आलो तेव्हा मिस्त्री फळीपुढे हात जोडून उभे होते. मग वाकून त्यांनी ओळीतला एक लहान पाना उचलला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल शेजारच्या पान्यावर ठेवलं. हळदकुंकू पुसलं नाही. तसेच गाडीखाली शिरले आणि क्लिप आवळली. मी वाकून पाहत होतो. पान्याचं ओलं कुंकू क्लिपला लागलं. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग जोडाच्या कडेने एक थेंब फुगला आणि खाली पडला. तो पहिला थेंब लाल होता.

"अजून आवळा," दीर म्हणाला.

"आवळलं तर मोडंल," मिस्त्री म्हणाले आणि बाहेर आले. "गुरुजी, चला संगं. पानी धराया मानूस लागंल."

डॉक्टर गाडी चालवायला बसले. सकाळबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरही कधी बोलले नाहीत.

पाण्याचे दोन डबे, पोतं, तार, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तो लहान पाना, सगळं माझ्या पायांशी होतं. मोशी मागे पडली, इंद्रायणीच्या पुलाशी आम्ही थांबलो. तिथे मिस्त्रींनी सगळं नेहमीसारखं केलं. बिडी ओढली, पालथा हात नेला, कान लावला, मान वळवून झाकण काढलं. पाणी बरंच कमी झालं होतं. नदीवरून डबे पुन्हा भरून आणले. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दीर दोन्ही वेळा डॉक्टरांकडे पाहत होता आणि मिस्त्री दिराकडे.

पूल ओलांडल्यावर रस्ता चढता आहे. चिंबळी गेली, दोन्हीकडे माळ लागला. एका शेतात बैलांच्या शिंगांना रंग देत होते. मग पुढून आधी वास आला, तापल्या लोखंडाचा, आणि नंतर वाफ. गाडी थांबली. मिस्त्री खाली उतरून वाकले आणि म्हणाले, "ओठ गेला." खालची नळी कडेने मोडली होती. होजपाइप तिच्यावर नुसता टेकला होता.

जवळपास विहीर नव्हती. सावली नव्हती. आतलं पाणी मोठ्याने बोलत होतं.

मिस्त्रींनी खिशातून बिडी काढली, तोंडात धरली. काडी ओढली. ज्योत धरून ते चाकणच्या दिशेने बघत राहिले. काडी बोटापर्यंत आली तशी त्यांनी टाकून दिली, बिडीही टाकली.

"मिस्त्री, थांबू या थोडं," डॉक्टर म्हणाले.

"ती थांबली का, डॉक्टर?"

मिस्त्रींनी पोतं ओलं करून झाकणावर टाकलं आणि मला म्हणाले, "गुरुजी, तोंड फिरवा."

मी तोंड फिरवलं. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं. आधी सुस्कारा, मग एक फुत्कार, मग झाकण रस्त्यावर पडून गडगडत गेलं त्याचा आवाज. मिस्त्रींचा आवाज आला नाही. मी वळलो तेव्हा ते दोन पावलं मागे, दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून उभे होते. हात चेहऱ्याला लागू देत नव्हते.

डॉक्टरांनी माझ्या हातातला पाण्याचा डबा ओढून घेतला आणि मिस्त्रींना खाली बसवून त्यांच्या चेहऱ्यावर पाणी सोडायला लागले. मिस्त्रींनी चाचपत डब्याची कड धरली आणि तो सरळ केला.

"गाडीत वता."

"डोळे आहेत मिस्त्री, डोळे. हात काढा."

"पानी तेवढंच हाय. गाडीत वता. माझ्यावर वाया घालवू नका."

डॉक्टर मोठ्या अंगाचे होते. त्यांनी मिस्त्रींचे दोन्ही हात एका हाताने दाबून ठेवले आणि निम्मा डबा त्यांच्या डोळ्यांवर रिता केला. पूर्ण डबा लागला असता असं ते मला पुढे एकदा म्हणाले. दोन्ही डबे लागले असते. पण मिस्त्री हात सोडवून घेत होते आणि सारखे तेच म्हणत होते. राहिलेलं पाणी गाडीसाठी ठेवावं लागलं.

मग मिस्त्री रांगत गाडीखाली गेले. मी आणि दीर नको म्हणत होतो. "सायकलची ट्यूब द्या," ते आतून म्हणाले. मी पट्टी हातात दिली. "तार. पाना." तोच पाना दिला. मी वाकून पाहिलं तेव्हा त्यांच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या आणि हात नेहमीसारखे चालले होते. होजपाइप त्यांनी मोडक्या ओठाच्या मागे, शाबूत पितळेवर सरकवला, ट्यूब ताणून गुंडाळली, तार पिळली, क्लिप आवळली. शेवटचा आटा डोळे मिटून दिला.

"इंजन चालू करा. मग पानी हळूहळू वता. एकदम गार वतलं तर तडकंल."

वरून त्यांनी पाणी ओतून घेतलं, मला मोजून थांबवलं, आणि झाकण बसवून घेतलं. भामेकाठच्या त्या गावापर्यंत जोडातून थेंबही गळला नाही.

डॉक्टर आत गेले. मिस्त्रींच्या डोळ्यांवर त्यांनी जाताना ओला रुमाल बांधला होता. आम्ही पडवीत बसलो. आतून बायकांचे आवाज येत होते, भांड्यांचे येत होते, आणि मध्येच सगळे थांबायचे. थांबले की मिस्त्री माझा हात धरायचे, सुरू झाले की सोडायचे. दिवस कलायला लागला होता. शेवटी मूल रडलं. सासू धावत बाहेर आली, "नात झाली मिस्त्री," म्हणाली.

मिस्त्री म्हणाले, "माझ्या पोरीचा आवाज येत न्हाई."

सासू आत गेली. बाळाचं रडणं चालू होतं. मिस्त्री मान डावीकडे वळवून बसले होते, कान दाराकडे. फार वेळाने आतून एक बारीक आवाज आला. तिने पाणी मागितलं होतं. मिस्त्रींनी कपाळ गुडघ्यांवर टेकवलं, आणि तेव्हा प्रथम त्यांच्या तोंडून वेदनेचा आवाज निघाला.

पुण्याच्या इस्पितळात ते पुष्कळ दिवस होते. चेहरा बरा झाला. डोळे झाले नाहीत.

भोसरीत लोक बोलायचे ते तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. खंडेनवमीला हत्यार उचललं, आणखी काय व्हायचं होतं, असं म्हणायचे. शेडपुढून जाताना आवाज खाली आणायचे, म्हणजे मिस्त्रींना नक्की ऐकू जायचं. एकदा मी चिडून बाहेर निघालो तर त्यांनी मला बसवलं.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. त्यांचं उलटं झालंय. मी दुपारी उचललं म्हनून न्हाई. सकाळी उचललं न्हाई म्हनून. दुसऱ्याच्या लेकीसाठी गाडी लागंल असं सकाळी वाटलं असतं, तर उचललं असतं का मी? न्हाई. उद्या म्हनलो. माझ्या लेकीवर आलं तवा हात जोडून पाना उचलला, झालो मोकळा."

"देवाने तुम्हाला शिक्षा केली असं वाटतं का?" मी विचारलं.

"देवाचं काय ठावं न्हाई. पाण्यानं केलं. पानी आपल्या नेमानं वागलं. मी माझा नेम सोडला."

पुढच्या वर्षी पूजा मी मांडली. शेती भावावर सोपवून जावई तोवर शेड सांभाळायला लागला होता, मुलगी आणि नात भोसरीलाच राहायला आल्या होत्या. मिस्त्री फळीशी बसून एकेक पाना हाताने ओळखून मला देत होते. लहान पाना हातात आला तेव्हा थांबले. अंगठ्याने त्याची कड चाचपली.

"ह्यो बाहेर ठिवा," म्हणाले.

"पूजेबाहेर?"

"व्हय. दर साली एक हत्यार बाहेर ठिवायचं. कुनाची गाडी आली तर."

जावयाला ते आवडलं नसावं. पाना खिडकीत ठेवला. त्या दिवशी कुणाची गाडी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आली नाही. मिस्त्री मात्र दिवसभर रस्त्याकडे कान लावून दगडावर बसायचे. एखादी मोटार भरधाव निघून गेली की आत वळून सांगायचे, "बरी हाय तिची तब्येत."

नातीला ते पाहू शकले नाहीत. ती रांगायला लागली तेव्हापासून त्यांच्या अंगावर चढून त्यांच्या गालांवरचे वण बोटाने शोधायची, खालून वर, रेघ काढत. ते मान न वळवता बसून राहायचे.

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी चहा झाल्यावर दगडावर जाऊन बसले, आणि तिथेच. आदल्या दिवशी पत्र्यापलीकडून त्यांनी मला विचारलं होतं, "गुरुजी, वाचताय का?" मी वाचत होतो. "वाचा, वाचा," म्हणाले.

पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहतो आहे. जावयाने तिकडे नोकरी धरली आहे, शेड त्याने दुसऱ्याला दिली. हत्यारं विकली. डॉक्टरांनी गाडी बदलली. दगड आहे. नात माझ्या शाळेत पहिलीत आहे आणि सुट्टी झाली की फळ्याखालचे खडूचे तुकडे गोळा करून नेते. कशाला, ते मी विचारलेलं नाही.

लहान पाना मुलीने मला आणून दिला. यंदा खंडेनवमीला मी पेन आणि शब्दकोश पूजेत ठेवले. पाना खिडकीत ठेवला.